मधुचंद्र युरोपात : पाहायचे किती, विसावायचे किती?

लग्नाची तारीख ठरते, कार्यालय मिळते, याद्या होतात आणि मग घरात आणखी एका चर्चेला तोंड फुटते. मधुचंद्राला कुठे जायचे? महाबळेश्वर, माथेरान, उटी ही एका पिढीची उत्तरे होती. नंतर सिमला-मनाली आले, मॉरिशस आले, आणि आता शहरी मध्यमवर्गातील अनेक जोडप्यांच्या ओठांवर युरोपचे नाव असते. हौस मोठी, खर्चही मोठा. हाताशी असलेले दिवस मात्र दहा-बारा. एवढ्या दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम आणि जमल्यास ॲमस्टरडॅम असे सारेच बसवण्याचा मोह होतो. मग मधुचंद्राचे रूपांतर पहाटे सहाच्या गजरात आणि बॅगा भरण्याच्या कवायतीत होते. परतल्यावर छायाचित्रे शेकड्यांनी असतात. दोघांनी निवांत बसून प्यायलेल्या एका कॉफीची आठवण मात्र सापडत नाही.

ऐषारामी सहल म्हणजे महागडे हॉटेल, अशी एक सोपी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पंचतारांकित हॉटेलात रात्री दहाला पोहोचून सकाळी आठला बाहेर पडणारे जोडपे त्या हॉटेलातील फक्त पलंग वापरते. बाग, पोहण्याचा तलाव, सज्जातून दिसणारे सरोवर यांचे पैसे भरूनही ते त्यांच्या वाट्याला येत नाही. युरोपच्या मधुचंद्रात खरी चैन असते ती वेळेची, आणि आखणी करताना तिचाच हिशेब सर्वात आधी मांडायला हवा.

रात्री मोजू नयेत, दिवस मोजावेत

सहल-कंपन्यांच्या पत्रकांत मुक्काम रात्रींत मोजलेला असतो. 'व्हेनिस दोन रात्री' हे वाचायला भरघोस वाटते. पण युरोपातील बहुतेक हॉटेलांत खोलीचा ताबा दुपारी तीनच्या सुमारास मिळतो आणि ती सकाळी अकराच्या आसपास सोडावी लागते. म्हणजे दोन रात्रींच्या मुक्कामात संपूर्ण असा एकच दिवस हाती लागतो. तीन रात्रींत दोन, चार रात्रींत तीन. एका रात्रीच्या मुक्कामात एकही नाही. प्रत्येक स्थलांतर साधारण अर्धा दिवस खाते : बॅगा भरणे, स्थानक गाठणे, गाडी बदलणे, नवे हॉटेल शोधणे. बारा दिवसांत पाच ठिकाणे घेतली, तर अडीच-तीन दिवस नुसत्या हलण्यात जातात आणि भाडे मात्र त्याही दिवसांचे भरलेले असते.

यावरून एक साधा नियम निघतो. अकरा-बारा रात्रींसाठी तीन मुक्काम पुरेत. चौथा घ्यायचा झाल्यास त्याची किंमत कोणत्या दिवसाने चुकवायची, हे आधी ठरवावे. तीनांपैकी एक मुक्काम निव्वळ विश्रांतीचा असावा आणि तो सहलीच्या मध्यावर यावा. अनेक जण विश्रांती शेवटी ठेवतात. तोवर दोघेही दमलेले असतात आणि परतीचे विमान डोक्यात घोळू लागलेले असते.

एक आखणी : पर्वत, सरोवर, व्हेनिस

उदाहरणादाखल स्वित्झर्लंड आणि उत्तर इटली ही जोडी घेता येईल. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. तिथून आल्प्समधील वेंगेन या गावी चार रात्री, मग इटलीतील कोमो सरोवराकाठी चार रात्री आणि अखेर व्हेनिसमध्ये तीन रात्री. परतीचे विमान व्हेनिसहूनच, वाटेत एक थांबा घेऊन. उतरायचे एका शहरात आणि निघायचे दुसऱ्यातून, असे तिकीट काढल्याने झुरिकला मागे फिरण्याचा अख्खा दिवस वाचतो.

स्वित्झर्लंड म्हटले की मराठी माणसालाही आधी हिंदी चित्रपट आठवतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ साली आला आणि त्यातील गावे आजही पर्यटक शोधत फिरतात. इंटरलाकेनमध्ये यश चोप्रा यांचा पुतळाही २०१६ साली उभा राहिला. इंटरलाकेन सोयीचे आहे, पण उन्हाळ्यात तिथे गर्दी असते आणि ते दरीत आहे. तिथून लाउटरब्रुनेनमार्गे दातेरी रुळांच्या गाडीने वर गेले की वेंगेन लागते, उंची सुमारे १,२७० मीटर. या गावात बाहेरून मोटारीने येताच येत नाही. खिडकी उघडली की समोर युंगफ्राऊचे शिखर आणि खाली दरीत कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. मधुचंद्रासाठी ही शांतता इंटरलाकेनच्या बाजारपेठेपेक्षा मोलाची आहे.

मुंबईहून येणारी विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर निघतात आणि भल्या सकाळी युरोपात उतरतात. लग्नाची धावपळ, हळद, गोंधळ, सत्यनारायण, पाहुण्यांची पाठवणी, त्यावर विमानातील अपुरी झोप. पहिल्या दिवशी काहीही पाहायचे ठेवू नये. फक्त गाव गाठावे. झुरिक विमानतळापासून वेंगेनला रेल्वेने तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. खोली दुपारी मिळणार असल्याने लवकर ताबा देण्याविषयी हॉटेलला आधीच लिहावे. हॉटेल अगदी भरलेले असण्याच्या दिवसांत आदल्या रात्रीचेही भाडे भरून ठेवणे ही उधळपट्टी वाटली, तरी थकलेल्या जोडप्यासाठी तो बहुधा साऱ्या सहलीतील सर्वात सार्थकी लागलेला खर्च ठरतो. बिझनेस क्लासची हौस असेल तर तीही जातानाच्या रात्रीच्या विमानात भागवावी. आडवे होऊन झोप मिळाली तर पहिला दिवस वाया जात नाही.

उन्हाळ्यात भारताचे घड्याळ मध्य युरोपच्या साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटेच जाग येते आणि रात्री लवकर डोळे मिटू लागतात. याचा त्रास करून घेण्याऐवजी फायदा घ्यावा. युंगफ्राऊयोख या ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकाची सफर सकाळच्या पहिल्या गाड्यांनी करावी. पर्वताच्या पोटातून जाणारा हा लोहमार्ग १९१२ साली पूर्ण झाला आणि वर पोहोचल्यावर आल्प्समधील सर्वात लांब हिमनदी, अलेच, पायाखाली पसरलेली दिसते. मात्र तिकीट घेण्यापूर्वी वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहून घ्यावे. ढगात बुडालेल्या शिखरासाठी एवढे महाग तिकीट काढण्यात अर्थ नाही, आणि चार रात्री हाती असल्याचा लाभ हाच की स्वच्छ दिवसाची वाट पाहता येते. दोनच रात्री राहणाऱ्याला ती मुभा नसते. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. तेव्हा पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर धावण्यापेक्षा तिसरा दिवस बरा.

उरलेल्या वेळात वेंगेनहून पाळण्याने मेनलिखेनला जाऊन तिथून क्लाइने शायडेकपर्यंत दीड तासाची सोपी पायवाट चालता येते; जूनच्या सुरुवातीस मात्र तिच्यावर बर्फ असू शकते. लाउटरब्रुनेनजवळचे ट्र्युमेलबाखचे धबधबे डोंगराच्या आतून कोसळतात, ते एका सकाळीत होतात. एक दुपार काहीही न करण्यासाठी राखून ठेवावी.

स्विस ट्रॅव्हल पास घेतला तर वेंगेनपर्यंतचा रेल्वेप्रवास त्यात येतो. वरच्या युंगफ्राऊ मार्गावर मात्र फक्त सवलत मिळते, हे अनेकांना तिकीट खिडकीपाशी गेल्यावर कळते.

बर्निनाचा मोह

वेंगेनहून कोमोला जाताना एक पेच पडतो. बर्निना एक्स्प्रेस ही लाल गाडी जगप्रसिद्ध आहे. २,२५३ मीटरवरील खिंड ओलांडून ती इटलीतील तिरानोपर्यंत उतरते. तिचा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिरानोहून दुसरी गाडी थेट कोमो सरोवराकाठच्या वारेन्नाला येते. नकाशावर हे सारे सुरेख जुळते. प्रत्यक्षात वेंगेनहून खूरला पोहोचण्यातच सकाळ संपते आणि पुढे तिरानोपर्यंत आणखी चार तास. एकाच दिवसात हे कोंबले, तर सुंदर दृश्ये पेंगुळल्या डोळ्यांनी पाहावी लागतात.

म्हणून इथे निवड करावी लागते. बर्निनाची फारच ओढ असेल तर वेंगेनची एक रात्र कमी करून ती सेंट मॉरिट्झ किंवा पोंट्रेसिनाला द्यावी. त्याच रुळांवर साध्या गाड्याही धावतात. त्यांना जागा राखून ठेवावी लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे छायाचित्रे काचेच्या प्रतिबिंबावाचून मिळतात. ओढ तेवढी नसेल तर श्पीत्सहून मिलानची गाडी पकडावी, मिलानहून तासाभरात वारेन्ना. हा प्रवासही सहा तासांच्या घरात जातो, पण संध्याकाळी सरोवराकाठी जेवायला बसता येते. मधुचंद्राच्या हिशेबात दुसरा मार्ग उजवा. बर्निना पुढच्या खेपेसही तिथेच असेल.

स्वित्झर्लंडमध्ये सामान एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर वेगळे पाठवता येते; देशाच्या आतल्या प्रवासात ही सोय वापरावी. इटलीत जाताना मात्र बॅगा स्वतःलाच सांभाळायच्या असतात. दोघांत दोन मध्यम बॅगा, हे प्रमाण ठेवले तर बरे. लग्नातील जरीच्या साड्या नि शेरवानी कोमोच्या छायाचित्रांसाठी नेण्याचा आग्रह अलीकडे वाढला आहे. एखादी साडी ठीक, पण तिसरी बॅग नको.

सरोवराकाठी चार दिवस

कोमो सरोवराचा आकार उलट्या 'वाय' अक्षरासारखा आहे आणि जिथे त्याचे दोन फाटे फुटतात, त्या टोकावर बेलाजियो वसले आहे. समोरच्या एका काठावर वारेन्ना, दुसऱ्या काठावर मेनाज्जो आणि त्रेमेझो. या गावांमध्ये दिवसभर बोटी ये-जा करतात आणि वारेन्नाहून बेलाजियो पंधरा मिनिटांवर आहे. भारतीयांना हे सरोवर परिचित झाले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचा विवाह इथल्या व्हिला देल बाल्बियानेल्लोत झाला तेव्हा. पण युरोपातील धनिकांचा मुक्काम इथे कैक पिढ्यांपासूनचा. चेर्नोब्बियोचे व्हिला देस्ते १८७३ पासून हॉटेल आहे, तर त्रेमेझोचे ग्रँड हॉटेल १९१० मधले.

चैनीच्या खर्चाचा मोठा वाटा इथे द्यावा. व्हेनिसमध्ये दिवस गल्ल्यांत जातो, खोली झोपण्यापुरती लागते. वेंगेनमध्ये डोंगर सर्वांना सारखाच दिसतो. नीटनेटक्या, मध्यम दर्जाच्या हॉटेलातूनही. सरोवराकाठी मात्र हॉटेल हेच पाहण्याचे ठिकाण असते. समजा, अकरा रात्रींसाठी सारख्याच दर्जाची हॉटेले घेण्याइतके पैसे आहेत, तर वेंगेन आणि व्हेनिसमध्ये एक पायरी खाली यावे आणि वाचलेली रक्कम कोमोत सरोवराकडे तोंड असलेल्या खोलीवर लावावी. खोली राखताना 'सरोवराचे दृश्य' आणि 'सरोवराचे अंशतः दृश्य' यांतला फरक लेखी विचारून घ्यावा, कारण दुसऱ्या प्रकारात कधी कधी सज्जातून मान वाकडी करावी लागते.

आणखी एक गोष्ट लेखी कळवावी : पलंग. युरोपातील पुष्कळ हॉटेलांत 'डबल' म्हणजे दोन गाद्या एकमेकींना जोडलेल्या, त्यावर पांघरुणेही दोन वेगळी. इटलीत दांपत्याच्या पलंगाला 'मात्रिमोनियाले' असा शब्दच आहे. तो वापरला की प्रश्न मिटतो. मधुचंद्र असल्याचे हॉटेलला मोकळेपणाने सांगावे. फळांची परडी मिळते, क्वचित वरच्या मजल्यावरची खोलीही.

चार दिवसांत पाहण्यासारखे काय, तर व्हिला कार्लोत्ताची बाग, एप्रिल-मेमध्ये तिथे अझेलियाच्या फुलांचा बहर असतो; बेलाजियोतील व्हिला मेल्झीची बाग; आणि बाल्बियानेल्लो, जे आठवड्यात काही दिवस बंद असते म्हणून वार पाहून घ्यावा. दिवसाला एक स्थळ, त्याहून जास्त नाही. जूनमध्ये इथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो. म्हणजे सकाळी एक फेरफटका, दुपारी हॉटेलातच मुक्काम आणि पाच वाजता पुन्हा बाहेर पडले तरी चार तासांचा उजेड हातात असतो. पाहणे आणि विसावणे यांचा समतोल युरोपात साधतो तो या लांबलचक संध्याकाळींमुळे. इटलीतील लहान गावांत दुपारी दुकाने आणि चर्च बंद होतात, उपाहारगृहांची स्वयंपाकघरेही अडीच-तीननंतर थंडावतात, ती साडेसातपर्यंत. भर दुपारी भटकणाऱ्या पर्यटकाला त्यामुळे ऊनही लागते आणि भूकही.

शाकाहारी जोडप्यांची इटलीत आबाळ होत नाही. मात्र पार्मेझान चीज परंपरेने वासराच्या पोटातील रेनेट वापरून केले जाते आणि भाज्यांच्या सारातही मांसाचा अर्क असू शकतो. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावे.

व्हेनिस : गर्दी गेल्यावरचे

व्हेनिसची खरी ओळख सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊच्या नंतर होते. दिवसभरासाठी येणारे पर्यटक तेव्हा नसतात. या गर्दीला आवर घालण्यासाठी शहराने २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क सुरू केले. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते, पण सूट मिळवण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. स्वस्ताईसाठी पलीकडे मेस्त्रेला राहण्याचा सल्ला अनेक जण देतात. मधुचंद्राला तो मानू नये. पहाटेचा रिकामा सॅन मार्को चौक मग पाहायलाच मिळत नाही.

गोंडोलाच्या दराबाबत घासाघीस नेहमीची. नोव्हेंबर २०२३ पासूनचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासास ९० युरो आणि सायंकाळी सातनंतर ११० युरो असा आहे. तो संपूर्ण होडीचा आहे, माणशी नाही. मोठ्या कालव्यापेक्षा आतल्या अरुंद कालव्यांतून नेण्यास सांगावे. एक अर्धा दिवस बुरानो बेटावरील रंगीत घरांसाठी आणि शेजारच्या तोर्चेल्लोतील प्राचीन चर्चसाठी ठेवला की पुरे. हॉटेल निवडताना ते जलबसच्या थांब्यापासून किती पुलांवर आहे, हे नकाशावर मोजावे. व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत आणि बॅग उचलणारे हात आपलेच.

मुहूर्त आणि मोसम

ही सारी आखणी एप्रिलअखेर ते ऑक्टोबर या काळापुरती आहे. महाराष्ट्रातील पुष्कळशी लग्ने तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लागतात आणि त्याच काळात कोमोकाठची बहुतेक मोठी हॉटेले बंद असतात. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. अशा वेळी दोन पर्याय उरतात. लग्नानंतर चार दिवस जवळपास कुठे तरी घालवून युरोपला मे-जूनमध्ये जावे, किंवा हिवाळ्याला साजेसे बेत करावेत : जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएन्नात नृत्यसमारंभांचा मोसम असतो, संगीताच्या मैफली असतात आणि तासन्‌तास बसू देणारी कॉफीगृहे असतात. तिथून पावणेतीन तासांच्या अंतरावरील बुडापेस्टमध्ये १९१३ साली उघडलेल्या सेचेनी स्नानगृहाच्या उघड्या तलावात थंडीत गरम पाण्यात डुंबता येते. वैशाखातील लग्नाला मात्र कोमो-व्हेनिसचा बेत अगदी जुळतो.

व्हिसाचे गणित

सर्वात मोठा धोका इथे आहे आणि तो सुटण्यासाठी पैसा नव्हे तर वेळ लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तिथे युरोऐवजी फ्रँक चालतो, पण शेंगेन क्षेत्रात ते आहे. त्यामुळे एकच व्हिसा दोन्ही देशांना चालतो. अर्ज मात्र जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे करावा लागतो. वरील बेतात विमान झुरिकला उतरते, परंतु स्वित्झर्लंडमध्ये चार आणि इटलीत सात रात्री आहेत. म्हणून अर्ज इटलीकडे. मुक्काम समसमान असतील तर प्रथम प्रवेशाचा देश धरला जातो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाचा नियमित अवधी पंधरा दिवसांचा, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय उन्हाळ्यात भेटीची वेळच लवकर मिळत नाही. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा. पारपत्राची मुदत परतीनंतर किमान तीन महिने उरलेली हवी. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणाऱ्या रकमेची आरक्षणे करू नयेत.

नवविवाहितांचा गोंधळ नावावरून होतो. लग्नानंतर पत्नीने पारपत्रातील नाव बदललेच पाहिजे असे बंधन नाही. बदलायचे असेल तर परत आल्यावर बदलावे. विमान, हॉटेल, विमा आणि व्हिसा अर्ज या चारही ठिकाणी नाव पारपत्रात आहे तसेच असावे. निमंत्रणपत्रिकेवरील नवे नाव तिकिटावर छापून आले, तर विमानतळावर ते समजावून सांगता येत नाही. लग्नाआधीच अर्ज करायचा असल्यास दोघांनी आपापल्या कागदपत्रांवर स्वतंत्र अर्ज करता येतो. विवाह प्रमाणपत्रासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

कंपनीकडून पॅकेज घेतल्यास तिच्याकडून उगमस्थानी कर आकारला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पानुसार बदलत आला आहे. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळती होते, पण तोवर ती अडकून राहते, एवढे अंदाजपत्रकात धरावे.

राहता राहिला नातेवाइकांचा प्रश्न. एवढ्या लांब गेलात आणि पॅरिस पाहिले नाहीत, असे परतल्यावर कोणी ना कोणी विचारतेच. पॅरिस पाहायचेच असेल तर व्हेनिस वगळून त्याला चार रात्री द्याव्यात, मिलानहून तिकडे विमाने आहेत. दोन रात्रींसाठी मात्र ते ओढून आणू नये.